गाडी मिसिंग करते, ठोकते की फटाके मारते?

इंजिनाची कुठलीही तक्रार असो, आमच्याकडे ती बहुतेक वेळा ‘मिसिंग आहे’ अशीच येते. गॅरेजात मात्र या शब्दाचा अर्थ एकच: एखाद्या सिलिंडरमधलं इंधन पेटलंच नाही किंवा अर्धवट जळलं. सिग्नलला उभ्या गाडीचं स्टिअरिंग थरथरतं, रेस दिली की गाडी झटके खात निघते.

पेट्रोलवर नीट आणि सीएनजीवरच मिसिंग असेल, तर आम्ही आधी प्लग, म्हणजे ठिणगी पाडणारा भाग, काढतो. गॅस पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. झिजलेला प्लग पेट्रोलवर निभावून नेतो, गॅसवर हात टेकतो.

कॉइल, म्हणजे प्लगला व्होल्टेज पुरवणारा भाग, बदला असं आम्ही लगेच सांगत नाही. गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी-०३०२ आला म्हणजे मिसिंग दोन नंबरच्या सिलिंडरला. त्याची कॉइल तुमच्यासमोर तीन नंबरवर लावून गाडी फिरवतो. आता पी-०३०३ आला तर कॉइल गेली. कोड हलला नाही तर कॉइलचे पैसे वाचले. मग प्लग, इंधन फवारणारा इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासतो.

ठोकणं, म्हणजे नॉकिंग, अगदी वेगळं. ठिणगीने लागलेली ज्वाळा पोचण्याआधीच कडेचं हवा-इंधनाचं मिश्रण आपोआप भडकतं आणि डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. खंबाटकी घाट चढताना चौथ्या गिअरमध्येच गाडी रेटली की तो ऐकू येतो. खालचा गिअर टाकल्यावर थांबला, तर बहुधा नॉकिंगच. ठिणगी पडण्याआधीच तापलेल्या कार्बनमुळे इंधन पेटलं तर ते प्री-इग्निशन. याला आम्ही जास्त घाबरतो, कारण यात पिस्टन वितळू शकतो.

फटाका सायलेन्सरमधून येत असेल, तर न जळलेलं इंधन तिथे जाऊन पेटतंय. एअर फिल्टरच्या बाजूने आला तर ते खरं बॅकफायर. जुन्या सीएनजी किटवर त्याने फिल्टरची पेटी फुटलेली आम्ही पाहिली आहे.

चेक इंजिनचा दिवा नुसता लागला असेल तर सावकाश गाडी घेऊन या. लुकलुकत असेल तर मात्र चालवू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे गाडीचा धूर शुद्ध करणाऱ्या भागात, जळून तो खराब होतो, आणि हा भाग फार महाग आहे. गाडी बाजूला घ्या, फोन करा, आम्ही येतो. फोनवर एवढं सांगा: इंजिन थंड होतं की गरम, पेट्रोल की गॅस, आणि आवाज पुढून आला की मागून.