एक विषय राहिला म्हणजे वर्ष गेलं?

दहावीचे पेपर सुरू झाले की नाशकात पंचवटीपासून सिडकोपर्यंत एक वाक्य हमखास कानावर येतं: "गणित उडालं ना, मग गेलं वर्ष!" आईवडील त्यांच्या काळातलं बोलतात. तेव्हा मार्चला गचकलं की थेट ऑक्टोबर, आणि तोवर कॉलेजं निम्मी उरकलेली. आता तसं नाही.

2015 पासून दहावीची पुरवणी परीक्षा निकालानंतर लगेच, जून-जुलैच्या सुमारास होते. नाशिक विभागीय मंडळाखालचे नाशिक, धुळे, जळगाव, नंदुरबार हे चारही जिल्हे त्यात आलेच. शिवाय एक किंवा दोन विषय राहिले तर एटीकेटी नावाच्या सवलतीवर अकरावीत बसता येतं. विषय पुढे सोडवावेच लागतात, नाहीतर बारावीचं दार बंद.

मुळात नापास व्हायला लागतं किती, हेही नीट बघा. गणिताचे 100 पैकी 80 लेखी, 20 अंतर्गत. पास व्हायला दोन्ही मिळून 35 पुरतात. वह्या वेळेवर देऊन अंतर्गतचे 17 पदरात पडले असतील, तर लेखीत 18 आले तरी निभावतं. (म्हणून 18 वरच थांबायचं, असं नाही हं.) पेपर अवघड गेला म्हणून पुढचे सोडून घरी बसणं हा मात्र शुद्ध वेडेपणा.

पुरवणीचा अर्ज शाळेमार्फतच भरतात आणि मुदत थोडी असते. निकालादिवशीची रडारड आटोपली की दुसऱ्याच दिवशी शाळेच्या ऑफिसात जा.