बकलर्स हार्ड

बकलर्स हार्ड : इंग्लंडच्या हॅम्पशर परगण्यात, न्यू फॉरेस्टच्या जंगलाला लागून, ब्यूली नदीच्या काठी वसलेले छोटेसे गाव. ‘हार्ड’ म्हणजे चिखलाळ काठावरची टणक जागा, जिथे होडी निर्धास्तपणे टेकवता येते. या गावाचे नशीब अशा हातभर टणक जमिनीने घडवले.

आखणी झाली ती मात्र साखरेसाठी. दुसरा ड्यूक ऑफ माँटेग्यू जॉन याला १७२२ मध्ये वेस्ट इंडीजमधील सेंट लुशिया व सेंट व्हिन्सेंट या बेटांची सनद मिळाली. तिथली, म्हणजे गुलामांच्या घामाची, साखर उतरवून घ्यायला इथे ‘माँटेग्यू टाउन’ हे बंदर उभारायचे होते. फ्रेंचांनी त्याच्या माणसांना सेंट लुशियातून हुसकावले आणि बेत बारगळला. नदीकडे उतरणारा ऐसपैस रस्ता आणि दुतर्फा विटांच्या घरांची एकेक ओळ ही त्याच बेताची खूण.

पुढे जहाजबांधणीने गाव जगवले. जंगलातल्या ओकची सरळ खोडे फळ्यांसाठी चालत. पण जहाजाच्या तुळई आणि बरगड्यांच्या सांध्यात बसवायला नैसर्गिक बाकाच्या फांद्याच लागत, कारण कापून वळण दिलेले लाकूड त्याचे धागे तुटल्याने तडकते. हवे ते वळण जंगलातच हेरणारी नजर ही इथली खरी कारागिरी. (त्याच काळात मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळी ब्रिटिश आरमारासाठी सागवानी जहाजे बांधत होती.) हेन्री ॲडम्स या कारागिराच्या देखरेखीखाली १७८१ मध्ये ६४ तोफांचे ‘ॲगमेम्नॉन’ पाण्यात उतरले. १७९३ पासून ते ब्रिटिश नौसेनानी नेल्सनच्या हाताखाली होते. हे त्याचे लाडके जहाज म्हणतात. ब्रिटिशांनी फ्रेंच-स्पॅनिश आरमाराला हरवले त्या ट्रफाल्गरच्या लढाईत (१८०५) ‘ॲगमेम्नॉन’, ‘युरायलस’ आणि ‘स्विफ्टशुअर’ ही इथली तीन जहाजे होती. एवढ्याशा गावाने एका लढाईला तीन जहाजे द्यावीत, याचे नवल वाटल्याशिवाय राहत नाही. ‘ॲगमेम्नॉन’ १८०९ मध्ये दक्षिण अमेरिकेत, प्लेट नदीच्या मुखाशी रुतले आणि तिथेच संपले.

नेपोलियनशी चाललेली युद्धे थांबली, लोखंडी जहाजे आली आणि कारखाने ओस पडले. १९६३ मध्ये येथे सागरी संग्रहालय सुरू झाले. ॲडम्सच्या घरात आता हॉटेल आहे. ओहोटीला काठावरच्या गाळातून जहाजे उतरवण्याच्या जुन्या उतारांची लाकडे अजून डोके वर काढतात.