संगीत शेवटावर ठेवू नका : अ‍ॅनिमेशनपट करणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बरेच ग्राहक आमच्याकडे संगीतासाठी येतात तेव्हा फिल्म जवळजवळ तयार असते. रंग भरून झालेले असतात, संवाद बसलेले असतात, संकलन ‘लॉक’ झालेलं, म्हणजे पक्कं ठरलेलं असतं आणि ‘आता फक्त म्युझिक राहिलंय’ असा निरोप येतो. काम त्या वेळीही होतं, आम्ही करूनही देतो. पण तोवर गोष्टीची लय चित्राने परस्पर ठरवून टाकलेली असते आणि संगीताच्या वाट्याला मोकळ्या जागा भरण्याचं काम उरतं. पार्श्वसंगीत गोष्ट नेमकी कशी सांगतं आणि त्यासाठी आम्हाला कधी बोलवावं, हे या पत्रकात लिहिलं आहे.

कोऱ्या पडद्याला आवाज नसतो

कॅमेऱ्याने टिपलेल्या दृश्यात काहीच घडत नसलं तरी आवाज असतो. खोलीची घुमी, कपड्यांची सळसळ, नटाचा श्वास. चितारलेल्या दृश्यात यातलं काहीही नसतं. पाऊल, वारा, दाराची कडी, सगळं कोणीतरी ठरवून घालतं. संगीतावर इथे जास्त भार पडतो तो यामुळेच.

पहिला भार वजनाचा. पडद्यावरचा हत्ती म्हणजे रेषा आणि रंग. त्याचा पाय जमिनीवर टेकताना खालच्या पट्टीतला एक जड आघात आला, तर डोळा त्याचं वजन मान्य करतो. त्याच पावलाला वरच्या सप्तकातली टुणटुण दिली की तोच हत्ती फुगा होतो. चित्रात एका रेषेचाही फरक केलेला नसतो.

दुसरा भार चेहऱ्याचा. हाडामांसाच्या नटाच्या डोळ्यांत एकाच वेळी दोन भावना दिसू शकतात. रेखाटलेल्या चेहऱ्यात, विशेषतः दोन ठिपके आणि एक रेघ एवढ्यावर भागवलेल्या चेहऱ्यात, त्यातली एक भावना संगीताला सांगावी लागते. पात्र हसतंय आणि खालून चेलो काही वेगळंच बोलतोय, तर प्रेक्षकाला ते हसू उसनं आहे हे कळतं. लहान मुलांनाही कळतं, याबद्दल आम्हाला शंका नाही.

संगीत कोणाच्या बाजूने?

पहिल्या बैठकीत आम्ही हा प्रश्न विचारतो आणि ग्राहक थोडे गोंधळतात. उदाहरण घेऊ. एक कासव वाहता रस्ता ओलांडतंय. संवाद नाही, शॉट चाळीस सेकंदांचा.

संगीत कासवाच्या पावलाच्या लयीत, ठाम आणि संथ ठेवलं, तर आपण कासवासोबत चालतो आणि गाड्या हा नुसता अडथळा ठरतो. तेच संगीत गाड्यांच्या वेगात, धडधडत्या ठेक्यावर नेलं, तर कासव संकटात आहे आणि आपण काठावर उभे राहून श्वास रोखून बघतोय. तिसरा मार्ग म्हणजे लांबून ऐकू येणारं एकच वाद्य, ज्याला ना कासवाची घाई ना गाड्यांची. मग हे कासव रोजच असं जातं आणि कोणाचंच लक्ष नसतं, असा अर्थ निघतो. तीनही वेळा चित्र तेच. गोष्ट मात्र एकदा पराक्रमाची, एकदा भीतीची, एकदा एकटेपणाची.

म्हणून ‘इथे जरा सॅड म्युझिक द्या’ या सूचनेचा आम्हाला फारसा उपयोग होत नाही. कोण सॅड आहे? पात्र, की त्याच्याकडे बघणारे आपण? पात्राला अजून काहीच माहीत नाही आणि प्रेक्षकाला सगळं माहीत आहे, असं असेल तर संगीत त्या दोघांपैकी एकाच्याच ज्ञानावर चालू शकतं. ही निवड दिग्दर्शकाची असते, आमची नव्हे.

ठोका आणि फ्रेम

हा भाग थोडा हिशेबाचा आहे, पण सगळ्यात जास्त पैसे आणि मनस्ताप इथेच वाचतात.

सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम (एकेक स्थिर चित्र), म्हणजे मिनिटाला १४४०. दर १२ फ्रेमला एक ठोका ठेवला तर मिनिटाला १२० ठोके होतात. १६ फ्रेमला एक ठेवला तर ९०, आणि ८ फ्रेमला ठेवला तर १८०. आता अ‍ॅनिमेटरला विचारा. साधं, कवायतीसारखं चालणं तो १२ फ्रेमला एक पाऊल या हिशेबाने काढतो, रमतगमत चालणं १६ च्या आसपास, आणि लगबगीची, कार्टूनी चाल ८ ला. चालीचा वेग आणि गाण्याची लय इथे एकाच कोष्टकात येऊन बसतात. चालण्याचा वेग ठरला तेव्हाच त्या दृश्याची लयही निम्मी ठरलेली असते, मग कोणाच्या ते लक्षात येवो न येवो.

अ‍ॅनिमेशनवाल्यांनी हे फार लवकर ओळखलं होतं. १९२८ च्या ‘स्टीमबोट विली’ या मिकी माउसच्या लघुपटासाठी वॉल्ट डिस्ने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेट्रोनोमच्या (समान ठोके देणाऱ्या यंत्राच्या) ठोक्यावर फ्रेमचा हिशेब मांडून चित्रं काढली. ध्वनिमुद्रणाची पहिली खेप जमली नाही. मग वादकांच्या संचालकाला ठेका डोळ्यांनी दिसावा म्हणून फिल्मवरच उड्या मारणारा ठिपका छापला आणि वाद्यवृंद चित्राबरोबर समेवर आला. पुढच्याच वर्षी संगीतकार कार्ल स्टॉलिंग यांच्या आग्रहातून ‘द स्केलेटन डान्स’ ही छोटी फिल्म झाली. तिथे संगीत पुढे आणि चित्र त्याच्या मागे, असा उलटा क्रम ठेवला होता. आज वादकांच्या कानात वाजते ती ठेक्याची टिकटिक, म्हणजे क्लिक ट्रॅक, याच खटपटीतून आलेली आहे.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा. दृश्याची लय १२ फ्रेमच्या ठोक्यावर बांधलेली असताना संकलकाने १८ फ्रेम छाटल्या, तर दीड ठोका गळतो आणि सुरावट लंगडते. २४ छाटल्या असत्या तर दोन ठोके गेले असते आणि कानाला बहुधा पत्ताही लागला नसता. छाटणी टाळता येत नसेल तर निदान ठोक्याच्या पटीत करा, आणि आधी फोन करा.

आणखी एक. फिल्म २४ फ्रेमची आहे की २५ ची, हे आम्हाला खात्रीने सांगा. २४ ची फाइल कोणी २५ वर चालवली तर मिनिटाचे ५७.६ सेकंद होतात. तासाभराच्या फिल्ममधून जवळपास अडीच मिनिटं गायब होतात. ध्वनीही तसाच वेगात नेला तर सूरही साधारण पाऊण अर्धस्वराने चढतो. गायिकेचा आवाज अचानक बारीक का लागतोय, याचं उत्तर कधीकधी एवढंच असतं.

चित्राच्या मागे पळणारं संगीत

पात्र जिना चढलं की सुरावट वर, घसरलं की बासरीची लांब मींड खाली, डोळे मिचकावले की दोन टिचक्या. या पद्धतीला जगभर ‘मिकी माउसिंग’ म्हणतात. अनेक संगीतकार ते नाव नाक मुरडून घेतात. आमचं मत वेगळं आहे. हे कठीण काम आहे, आणि जिथे विनोद अंगविक्षेपातून येतो तिथे त्याला पर्याय नाही. ‘टॉम अँड जेरी’साठी संगीतकार स्कॉट ब्रॅडली यांनी लिहिलेलं संगीत ऐका. नीट ऐकलंत तर त्यात विसाव्या शतकातल्या गंभीर संगीताची बारा स्वरांची रचनापद्धतीही (सप्तकातले बाराही स्वर सारख्याच मानाने वापरणारी) अधूनमधून सापडते, आणि ती मांजराच्या पाठलागात चपखल बसते.

अडचण प्रमाणाची आहे. प्रत्येक हालचालीवर आघात दिला की कोणताच आघात महत्त्वाचा राहत नाही. पाच मिनिटांत प्रेक्षक थकतो, आणि का थकला हे त्याला सांगता येत नाही. आमची पद्धत अशी : प्रत्येक दृश्यात चित्राशी अचूक जुळायलाच हवेत असे मोजके क्षण निवडायचे. त्यांना आम्ही ‘हिट’ म्हणतो. एरवी संगीताने स्वतःचं वाक्य बोलत राहायचं. हिट कुठले, हे तुमच्यासोबत बसून ठरवतो, कारण प्रत्येक हिट म्हणजे ‘इथे बघा’ असं प्रेक्षकाला सांगणं आहे. पात्र धपकन पडतं तो क्षण हिट असेलच असं नाही. पडल्यावर ते आजूबाजूला बघतं, कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून, तो क्षण पुष्कळदा जास्त मोलाचा असतो.

धून परत का येते

एका पात्राला, नात्याला किंवा जागेला एक छोटी धून देऊन ठेवायची आणि ती बदलत्या रूपात परत आणायची, ही युक्ती सिनेमापेक्षा जुनी आहे. अ‍ॅनिमेशनमध्ये ती विशेष चालते, कारण इथे वर्षं एका डिझॉल्व्हमध्ये (एक चित्र विरत दुसरं उमटतं तेवढ्यात) जातात आणि तो काळ कोणालातरी धरून ठेवावा लागतो.

२००९ च्या ‘अप’ या अ‍ॅनिमेशनपटातला सुरुवातीचा भाग यासाठी अभ्यासण्यासारखा आहे. एका जोडप्याचं जवळजवळ अख्खं आयुष्य सुमारे चार मिनिटांत, एकही संवाद नसताना. संगीतकार मायकेल जियाकिनो यांनी त्याला वॉल्ट्झच्या (तीन मात्रांच्या युरोपीय नाचाच्या) अंगाची एक धून दिली. सुरुवातीला ती खेळकर असते, वाद्यं भरपूर. घटना बदलतात तशी ती धीमी होते, वाद्यं गळत जातात, आणि शेवटी एकट्या पियानोवर तीच धून उरते. सूर ओळखीचे असल्यामुळे प्रेक्षकाला स्वतःहून कळतं की काय होतं आणि काय राहिलं. पुढे फिल्मभर ती धून कुठेही डोकावली की त्या जोडप्यातली बायको पडद्यावर नसूनही दृश्यात असते. त्या वर्षीचं सर्वोत्तम मूळ संगीताचं ऑस्कर या संगीताला मिळालं.

यातून ग्राहकांनी घ्यायची गोष्ट : धून परत यायला हवी असेल तर ती आधी नीट ऐकवलेली असायला हवी. तिच्यासाठी पहिल्या काही मिनिटांत संवादाविना, गोंगाटाविना थोडी मोकळी जागा ठेवा. ती जागा स्टोरीबोर्डवरच (दृश्यांच्या कच्च्या चित्रमालिकेवर) ठेवता येते. नंतर कापून काढायची म्हटलं तर कोणाचातरी आवडता शॉट जातो आणि भांडण होतं.

गाणी असतील तर

गाणं अ‍ॅनिमेशनच्या आधी ध्वनिमुद्रित व्हावं लागतं, कारण ओठ त्यावर हलवायचे असतात. हे सगळ्यांना माहीत असतं. कमी लक्षात घेतलं जातं ते असं, की गाणं संपताना पात्र जिथून निघालं तिथेच उभं असेल तर गोष्ट तेवढा वेळ थांबलेली असते. गाण्यात निर्णय व्हावा, बेत ठरावा, खोटं उघडं पडावं. शक्य असेल तर गाण्याचा मुखडा पार्श्वसंगीतात शब्दांशिवाय आधी येऊ द्या. गाणं सुरू होतं तेव्हा प्रेक्षक त्याला ओळखतो.

शांतता तयार करावी लागते

संगीत कुठे नको, यावर आम्ही हवं तिथल्याइतकाच वेळ घालवतो. मोठ्या घटनेच्या आधी संगीत काढून घेतलं की प्रेक्षक पुढे सरकून बसतो. मात्र अ‍ॅनिमेशनमध्ये संगीत थांबवलं की खाली काहीच नसतं. ती शांतता वाटत नाही, आवाज बंद पडल्यासारखं वाटतं. तिथे हवा, लांबचा पक्षी, पात्राचा श्वास असं काही भरावं लागतं. म्हणून ध्वनिरचना करणाऱ्यांशी आमची ओळख शेवटच्या मिक्सिंगला (सगळे आवाज एकत्र जुळवताना) नको, सुरुवातीलाच करून द्या. पावसाचा आवाज ते देणार असतील तर तीच टपटप आम्ही वाद्यांत कशाला लिहू?

संवादाखालच्या संगीताचंही तसंच. माणसाच्या बोलण्यातली व्यंजनं ज्या वरच्या पट्ट्यात ऐकू येतात, तिथेच व्हायोलिन किंवा सनई गात असेल तर संवाद पुसट होतो आणि मग मिक्सिंगमध्ये संगीताचा आवाज पार खाली दाबला जातो. अ‍ॅनिमेशनमध्ये संवाद आधीच मुद्रित झालेले असतात, ही मोठी सोय आहे. ते मिळाले की आम्ही वाक्यांच्या फटींत लिहितो.

टेम्प ट्रॅकबद्दल दोन शब्द

दुसऱ्या कुठल्यातरी चित्रपटाचं संगीत तात्पुरतं लावून संकलन करायची पद्धत आहे. आमचा विरोध नाही. पण महिनाभर तेच ऐकून दिग्दर्शकाचं त्यावर प्रेम बसतं आणि मग ‘अगदी असंच, पण वेगळं’ अशी मागणी येते. टेम्प लावलाच असेल तर त्यातलं नेमकं काय उपयोगी पडतंय ते सांगा : वेग, वाद्य, की अमुक ठिकाणी ते थांबतं ती जागा? शक्य असेल तर त्याऐवजी आमच्याकडून कच्चे तुकडे मागवा.

जपानी अ‍ॅनिमेशन दिग्दर्शक हायाओ मियाझाकी आणि संगीतकार जो हिसाइशी १९८४ च्या ‘नाउसिका’ चित्रपटापासून एकत्र काम करत आले. त्यांच्याकडे फिल्म पूर्ण होण्याच्या बरंच आधी, नुसत्या चित्रांवरून आणि टिपणांवरून ‘इमेज अल्बम’ करण्याचा प्रघात होता. कथेच्या कल्पना सुरांत आधीच उतरायच्या आणि त्या ऐकत पुढचं काम व्हायचं. छोट्या फिल्मसाठी पूर्ण अल्बमची गरज नाही. दोन-तीन धुनांचे पियानोवरचे कच्चे आराखडे पुरतात.

आमच्याकडे येताना

सर्वांत योग्य वेळ म्हणजे अ‍ॅनिमॅटिक (वेळेवर बसवलेली कच्ची चित्रफीत) तयार झाल्यावर, रंगकाम सुरू होण्याआधी. पेन्सिलची चित्रं चालतात. पडद्यावर टाइमकोड (तास-मिनिट-सेकंद-फ्रेमचा आकडा) छापलेला असावा आणि संवाद वेगळ्या ट्रॅकवर असावेत. पहिल्या बैठकीत आपण पूर्ण फिल्म थांबत थांबत बघतो आणि प्रत्येक क्यू (संगीताचा एकेक तुकडा) कुठे सुरू होतो, कुठे संपतो, का, हे लिहून काढतो. या बैठकीला दिग्दर्शक आणि संकलक दोघंही हवेत. फक्त निर्मात्यांबरोबर ती केली तर पुन्हा करावी लागते.

त्यानंतर संगणकावरचे कच्चे नमुने तुम्हाला मिळतील. त्यातली वाद्यं कृत्रिम वाटतील, तिकडे दुर्लक्ष करा. धून, लय आणि जागा एवढंच तपासा. बदल या टप्प्यावर हवे तेवढे सांगा, वादक बसल्यावर नव्हे. संगीत लिहायला घेतल्यानंतर संकलनात फ्रेम बदलल्या तर नव्या आवृत्तीसोबत कुठे किती वाढल्या-घटल्या याची यादी पाठवा.

अंतिम फाइल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये देतो, पूर्ण मिश्रण आणि सुटे स्टेम (वाद्यगटांचे वेगवेगळे ट्रॅक) अशा दोन्ही रूपांत : तालवाद्यं, तंतुवाद्यं, एकल वाद्य, गळा. फिल्म पुढे दुसऱ्या भाषेत डब होणार असेल तर हे आधी सांगा, म्हणजे गाण्यांचे गळ्याशिवायचे ट्रॅक आणि कोरसच्या शब्दांची लिखित प्रत त्याच वेळी तयार ठेवू.