मरू उद्यानातील गरुडांची घरटी : दुर्बीण व लेन्स भाड्याने नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

सोलापूरहून हिवाळ्यात जैसलमेरला निघालेले आमचे बरेच ग्राहक लेन्स ताब्यात घेताना गरुडाचे घरटे कोठे पाहायला मिळेल, असे विचारतात. त्यांच्यासाठी ही माहिती देत आहोत.

जैसलमेर व बाडमेर जिल्ह्यांत सुमारे ३,१६२ चौरस किलोमीटरवर पसरलेल्या राष्ट्रीय मरू उद्यानात हिवाळ्यात दिसणारे सगळेच मोठे गरुड तेथे वीण करीत नाहीत. स्टेपी गरुड हा पाहुणा असून त्याची घरटी मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात असतात. टॉनी गरुड मात्र बारमाही तेथलाच. दोघांत गल्लत होऊ नये म्हणून दुर्बिणीतून जिवणी, म्हणजे चोचीच्या कोपऱ्याची कड, पाहावी : स्टेपीची पिवळी जिवणी डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत पोहोचते, तर टॉनीची डोळ्याच्या मध्यापाशीच संपते.

टॉनी गरुडाची वीण साधारणतः नोव्हेंबर ते एप्रिल या काळात होते. खेजडी, म्हणजे आपली शमी, किंवा बाभूळ अशा काटेरी झाडाच्या अगदी शेंड्यावर काटक्यांचे पसरट घरटे रचून मादी बहुधा दोन अंडी घालते. ती सुमारे सहा आठवडे उबवावी लागतात आणि त्यानंतर पिल्लू उडेपर्यंत आणखी अकरा-बारा आठवडे जातात. थोरले पिल्लू धाकट्याला पुष्कळदा मारून टाकते, त्यामुळे एवढ्या खटाटोपातून अनेकदा एकच पिल्लू हाती लागते.

शेंड्यावरच्या या घरट्याला वरून कसलाही आडोसा नसतो. पांढऱ्या लवेतले पिल्लू उन्हात तग धरू शकत नाही, म्हणून मादी पंख अर्धवट पसरून त्याच्यावर सावली धरते. माणूस फार जवळ गेला की ती उडते, आणि मग अंडी किंवा पिल्लू उघड्या उन्हात पडते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित पक्ष्यांच्या घरट्याला उपद्रव देणे हे ‘शिकारी’च्या व्याख्येतच मोडते, हेही ग्राहकांनी ध्यानात ठेवावे.

घरट्यापासून किमान २०० मीटर दूर राहावे, ही आमची अट आहे. मादी अंग चोरून घरट्यात चपटी बसली किंवा मान उंचावून आपल्याकडे टक लावून पाहू लागली, तर तेवढे अंतरही कमी समजून लगेच मागे फिरावे. केवळ घरट्याच्या जवळून छायाचित्रे घेण्यासाठी आम्ही साहित्य देत नाही. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर जाणाऱ्यांनाही हीच अट लागू राहील, कारण तेथील सापमार गरुडाची मादी हंगामात एकच अंडे घालते आणि ते गमावले तर तिचा तो हंगामच वाया जातो.