वृक्षांची पूरसहिष्णुता

पुराच्या किंवा तुंबलेल्या पाण्यात मुळे, प्रसंगी खोडही, बुडालेले असताना तग धरून राहण्याची वृक्षजातींची क्षमता. ती जातीपरत्वे फार भिन्न असते : मुळांशी पाणी दोन-चार दिवस तुंबले तरी पपई मरू शकते, तर ॲमेझॉनच्या पूरवनांतील कित्येक जाती दरवर्षी सहा-सहा महिने पाण्यात काढतात.

अपाय होतो तो मुख्यतः ऑक्सिजनच्या तुटवड्याने. पाण्यात ऑक्सिजनचे विसरण (रेणूंचे आपोआप पसरणे) हवेच्या मानाने सुमारे १०,००० पट मंद असते आणि मातीतील शिल्लक साठा मुळे व सूक्ष्मजंतू काही तासांत, फार तर काही दिवसांत, संपवतात. मग मुळांना किण्वनावर, म्हणजे ऑक्सिजनविना शर्करेचे विघटन करून मिळणाऱ्या ऊर्जेवर, भागवावे लागते. त्यात ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे (पेशींतील ऊर्जावाहक संयुगाचे) अवघे २ रेणू मिळतात, ऑक्सिश्वसनात सुमारे ३०.

मुळे नेमकी कशाने मरतात, याविषयी मतभेद आहेत. किण्वनातून साचणाऱ्या एथेनॉलने विषबाधा होते व सहिष्णू जाती त्याची निर्मिती आवरतात, असे मत वनस्पतिशास्त्रज्ञ क्रॉफर्ड यांनी १९६०–७० च्या सुमारास मांडले. परंतु एथेनॉल मुळांतून बाहेर झिरपून जाते, आणि काही सहिष्णू जातींत त्याची निर्मिती उलट जोमाने चालते, असे पुढे आढळले. पेशीद्रव्याची वाढती आम्लता आणि शर्करेचा संपत आलेला साठा ही कारणे आता अधिक ग्राह्य वाटतात. मात्र आम्लतेचा मूळ पुरावा मक्याच्या मुळाग्रांवरील असल्याने तो वृक्षांना सरसकट लावणे धाडसाचे ठरेल. सप्ताळू (पीच) व त्याच्या वर्गातील फळझाडांत आणखी एक भर पडते : त्यांच्या मुळांतील ग्लायकोसाइडांचे (शर्करायुक्त संयुगांचे) विघटन होऊन हायड्रोजन सायनाइड हे विष सुटते.

सहिष्णू जातींत मुळांना हवा पोहोचवणारे, पोकळ्यांनी भरलेले वायुऊतक तयार होते. वाळुंजाच्या खोडावर पाण्याच्या पातळीलगत वल्करंध्रे (सालीवरील हवेची छिद्रे) फुगून त्यांतून पांढरट, भुसभुशीत ऊतक डोकावते व जवळच आगंतुक (खोडातूनच निघणाऱ्या) मुळांचे झुपके फुटतात. टक्कल सायप्रस या दलदलीतील वृक्षाची गुडघ्यांसारखी उंचवटलेली मुळे मात्र श्वसनासाठीच असतात, हे निर्विवाद नाही.

जातींची क्रमवारी सर्वत्र सारखी लागत नाही. वाळुंज, टक्कल सायप्रस व निवर वरच्या श्रेणीत, तर बीच, चेरी व ॲव्होकॅडो खालच्या श्रेणीत येतात. एकाच प्रजातीतही फरक पडतो : यूरोपीय ओकांपैकी क्वेर्कस रोबर ही जाती क्वेर्कस पेट्रिया हिच्यापेक्षा काटक आहे. पानगळीनंतर सुप्तावस्थेत आलेला पूर बहुतेक झाडे सोसतात, वाढीच्या हंगामातील उबदार, साचलेले पाणी मात्र घातक ठरते. पूर्ण बुडालेली रोपे मोठ्या झाडांच्या मानाने लवकर मरतात.