साहूलमधील आद्य मानवी वस्ती

हिमयुगात समुद्राची पातळी उतरली की ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी आणि टास्मानिया मिळून एकच सलग भूमी होत असे. तिला साहूल म्हणतात. आफ्रिकेतून बाहेर पडलेल्या आधुनिक मानवाचे (होमो सेपियन्स) वंशज किमान ५०,००० वर्षांपूर्वी तेथे पोचले. मानवाच्या जगभरच्या प्रसारात हा टप्पा वेगळा आहे, कारण तो पायी गाठणे शक्यच नव्हते.

सुमात्रा, जावा, बोर्निओ ही बेटे तेव्हा आशियाला जोडलेली होती. त्यांच्यापुढचा खोल समुद्र मात्र कधीच आटला नाही. वाघ बालीपर्यंत आला, पुढे गेला नाही. जावात दीर्घकाळ राहिलेल्या होमो इरेक्टस या आधीच्या मानवजातीच्या खुणाही ऑस्ट्रेलियात मिळत नाहीत. आधुनिक मानव बेटांमागून बेटे ओलांडत गेला. त्यातला एक टप्पा तरी सुमारे ९० कि.मी.चा होता. त्या काळातला तराफा किंवा होडी सापडलेली नाही, कारण लाकूड-बांबू इतका काळ टिकत नाही. पण पूर्व तिमोरमधल्या जेरिमलाई गुहेत सुमारे ४२,००० वर्षांपूर्वी खाल्लेल्या माशांचे काटे मिळाले आणि त्यांत ट्यूना, म्हणजे आपल्या कोकणातला कुपा, बराच आहे. कुपा हा खुल्या समुद्रात वेगाने फिरणारा मासा. तो काठावर बसून सहसा मिळत नाही. वादळात ओंडक्यावर वाहून गेलेल्या दोन-चार जणांनी खंड वसवला, ही कल्पना म्हणूनच पटत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संगणकीय प्रारूपांनुसार वस्ती तग धरण्यासाठी किमान १,३०० माणसे यायला हवी होती. इतकी माणसे ठरवूनच येतात.

आगमनाच्या काळाबद्दल मात्र वाद आहे. उत्तर ऑस्ट्रेलियातील माजेदबेबे शैलाश्रयात (कड्याखालच्या निवाऱ्यात) घासून धार लावलेल्या दगडी कुऱ्हाडी आणि गेरू मिळाला. वाळूच्या कणांवर शेवटचे ऊन कधी पडले, हे मोजून २०१७ मध्ये तेथील वस्तीचा काळ सुमारे ६५,००० वर्षांपूर्वीचा ठरवला गेला. वाळवीने थर खालीवर केले असावेत, असा त्यावरचा आक्षेप आहे.

आग्नेय ऑस्ट्रेलियातील मंगो सरोवर आज कोरडे आहे. १९६८ मध्ये भूशास्त्रज्ञ जिम बोलर यांना त्याच्या काठच्या वाळूत एका स्त्रीची जळालेली हाडे दिसली. सुमारे ४०,००० वर्षांपूर्वी तिचे दहन झाले होते. नंतर हाडे फोडून पुन्हा जाळली आणि पुरली होती. मानवी दहनाचा हा ज्ञात पुराव्यांतला सर्वांत जुना पुरावा मानला जातो. १९९२ मध्ये तिचे अवशेष त्या भूमीवरच्या आदिवासी समाजांना परत देण्यात आले.