टॉवर लिहिलंय म्हणून रायफल होत नाही

बेळगावकडच्या खानापूरच्या रानाकडच्या गावांत शेतराखणीच्या परवान्यावरची आजोबांच्या वेळची ठासणीची, म्हणजे तोंडातनं दारू ठासून भरायची बंदूक अजून दिसते. घोड्याखालच्या पट्टीवर मुकुट, व्ही आर म्हणजे व्हिक्टोरिया राणीची अक्षरं, पुढं टॉवर आणि १८५९-६० सारखं साल, की घरचे लगेच म्हणतात मिलिटरीची एनफील्ड रायफल. टॉवर म्हणजे लंडनचा किल्ला, तिथं सरकारी तपासणी व्हायची, पण बर्मिंगहॅमचे खासगी कारखानदार बाजारात विकायच्या मालावर पण हेच कोरायचे. सरकारी असेल तर कोंबडीच्या पायासारखा बाण शोधा, आणि दोन बाण टोकाला टोक लावलेले असले तर सरकारनं ती विकून टाकलेली. त्याआधीच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या मालावर हृदयाच्या आकाराचा छाप, नंतर उभा सिंह.

खरा घोळ रायफल या शब्दातच आहे. १८५३ च्या एनफील्डच्या नळीत तीन पेचदार खाचा असायच्या, त्या असतात म्हणून तर रायफल म्हणायचं, आणि तिच्याच काडतुसांवरून १८५७ पेटलं. मग सरकारनं हिंदी शिपायासाठी १८५८ चं मॉडेल काढलं, बाहेरून डिट्टो एनफील्ड, आतनं नळी गुळगुळीत, म्हणजे लांबचा नेमच गेला. काहीजण म्हणतात शिपायाला भरायला सोपी जावी म्हणून केलं, मला ते अजिबात पटत नाही, हा सरळ अविश्वास होता. त्याच सुमाराला हत्यारं जमा करायचा कायदा आला आणि आपल्या इथं मुधोळजवळ हलगलीच्या बेडर जमातीच्या लोकांनी ती द्यायला नकार दिला, फौज चालून आली, कित्येकांना फाशी झाली. एका बाजूला गावाची हत्यारं काढून घ्यायची आणि दुसरीकडं स्वतःच्याच शिपायाच्या बंदुकीतला पेच काढायचा, हे वेगळं कसं बघायचं? म्हणून छाप वाचायच्या आधी नळी रिकामी आहे ना याची खात्री करा, मग टॉर्च लावून आत खाचा आहेत का बघा.

पुढचे छाप त्यामानानं सोपे. गोवा शेजारीच, त्यामुळं पोर्तुगीज छाप पण माहीत पाहिजे : १८८६ च्या मॉडेलवर ऑस्ट्रियातल्या स्टेअर कारखान्याचं नाव आणि लुईश राजाचं एल-एक. बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यातल्या थ्री-नॉट-थ्रीवर मुकुट आणि जी आर आय म्हणजे जॉर्ज राजाची अक्षरं, स्वातंत्र्यानंतरच्या मालावर अशोकाचे सिंह. खैबरकडच्या हातबनावटीच्या नकलांत इंग्रजी एन उलटा कोरलेला सापडतो, आणि राणी १९०१ च्या जानेवारीत वारली, तेव्हा व्ही आर आणि १९०७ एकाच पट्टीवर दिसलं तर ती पट्टी सरकारी नव्हेच.